दारात उभा माणूस साक्षीदार नसतो

१२ जानेवारी २०२४ रोजी श्रीराम राघवन यांचा ‘मेरी ख्रिसमस’ चित्रपटगृहांत लागला. त्या शुक्रवारी वसईत घरोघरी संक्रांतीचे तीळ भाजले जात होते. आमच्या वाड्यांतले येशूजन्माचे गोठे आवरून झाले होते, चांदण्या उतरवून माळ्यावर गेल्या होत्या. डिसेंबरात यायचा सिनेमा तारखा बदलत संक्रांतीला आला आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. दिवाळीची गोष्ट सांगणारा सिनेमा असा शिमग्याला लावायची छाती एकाही निर्मात्याला झाली नसती. नाताळचं चालून जातं. हिंदी सिनेमाच्या लेखी नाताळ हा कुणा खऱ्या माणसांचा सण नाहीच. दिव्यांच्या माळा, लाल रंग आणि वाइनचे ग्लास असा तो एक तयार पडदा आहे, त्यापुढे काहीही उभं करावं.

सिनेमाच्या कसबाबद्दल माझा वाद नाही, हे आधीच सांगते. मुंबईचं नाव अजून बॉम्बे होतं त्या काळातली नाताळची आदली रात्र. सात वर्षांनी शहरात परतलेला अल्बर्ट. आई गेलेली, घर रिकामं. एका हॉटेलात त्याला मारिया भेटते, सोबत तिची वाचा गेलेली लहान मुलगी. ते सिनेमा बघतात, रस्त्यांवरून चालतात, बोलतात, मग ती त्याला घरी बोलावते. विजय सेतुपती आणि कतरिना कैफ यांच्यातला तो अवघडलेपणा हिंदी पडद्यावर क्वचित दिसतो इतका खरा आहे. तुरुंगातून सुटलेला अल्बर्ट आपण दुबईहून आलो म्हणून सांगतो. दोन परकी माणसं जवळ येताना किती झाकतात आणि कसं झाकतात, हे राघवन यांना चांगलं कळतं.

माझं भांडण त्यापुढे सुरू होतं. मारिया दार उघडते, कारण आत प्रेत आहे. तिला सोबत नको आहे, साक्षीदार हवा आहे. अल्बर्ट निघून गेल्यावर ती मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्चमध्ये जाते, तीही दुसरा साक्षीदार मिळवायला. तिथे तिला चक्कर येते, एक माणूस तिला घरी पोचवतो, आणि तो अडकतो. नवरा मारकुटा होता, पोरीची वाचा त्याच्यामुळे गेली, मारियाचं कारण खरं आहे, हे मला मान्य आहे. शेवटी अल्बर्ट तिच्या बोटात अंगठी घालून तिचं ओझं स्वतःवर घेतो, तो क्षणही मला भिडला. तरीही अख्खा सिनेमा ज्या गृहीतावर उभा आहे ते मला पटत नाही: सणाच्या रात्री परक्या माणसाला कुणी उगाच घरात घेत नाही, घेतलं तर आत काहीतरी लपवलेलं असणार. आणि हे गृहीत आलं कुठून तेही पाहा. फ्रेदेरिक दार या फ्रेंच रहस्यकथाकाराच्या १९६१च्या ‘ल मोंत-शार्ज’ या कादंबरीतून. फ्रान्समध्ये दुसऱ्याच वर्षी तिच्यावर सिनेमाही निघाला होता. पॅरिसच्या उपनगरातला नाताळ उचलला आणि मुंबईत आणून ठेवला. चर्चगेटहून विरार लोकलने साठ किलोमीटरच्या टप्प्यात नाताळ करणारी, मराठीत प्रार्थना म्हणणारी माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्याकडे कुणी गोष्ट मागायला आलं नाही.

हे आजचं नाही. १९७३च्या ‘बॉबी’त प्रेमनाथचा जॅक ब्रगांझा पिऊन डुलतो. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अँथनी दारूचा अड्डा चालवतो आणि ईस्टरच्या पार्टीत भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो. २०१३च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये इरफानचा साजन फर्नांडिस विधुर आहे, समोरच्या घरातलं जेवणाचं टेबल तो आपल्या जागेवरून बघत राहतो आणि तिथली लहान मुलगी खिडकी लावून घेते. तो सिनेमा मला अतिशय प्रिय आहे. पण चाळीस वर्षांचा हिशेब एका ओळीत मांडला तर एवढाच निघतो: पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस एक तर पिऊन नाचतो, नाहीतर एकटा बसतो. ज्याला आळी आहे, भाऊबंद आहेत, बांधावरून भांडण आहे, केळीची बाग आहे आणि जो भांडतोही मराठीत, असा ख्रिस्ती माणूस त्यांच्या गोष्टीत बसत नाही. मराठी सिनेमाने तर वसईच्या नाताळकडे पाठच केली आहे. त्याला ख्रिस्ती पात्र लागलं की तोही गोव्याची टोपी आणि मोडकं मराठी शोधायला धावतो.

१५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. पोर्तुगीज गेले, आम्ही ख्रिस्ती इथेच राहिलो. कुपारी, वाडवळ, कोळी. प्रत्येकाची बोली वेगळी, लुगडं नेसण्याची तऱ्हा वेगळी. नंदाखाल, गास, निर्मळ, पापडी, सांडोर, रमेदी या गावांत २४ डिसेंबरच्या रात्री जाऊन बघा. मिस्सा मराठीत होते. नाताळगीतं मराठीत होतात, कादोडी बोलीतही होतात. पोरं महिनाभर खपून देखावे उभारतात आणि ते बघायला हिंदू शेजारी आपापली मुलं घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी नेवऱ्यांची ताटं या दारातून त्या दारात जातात. निर्मळच्या कार्तिकातल्या यात्रेला जसा धर्म विचारून कुणी जात नाही, तसंच हे आहे.

एवढ्यावर लेख संपवला असता तर माझ्या गावात माझं कौतुक झालं असतं. सिनेमावाल्यांनी आपल्याला पाहिलं नाही, हा सूर आम्हा वसईकरांना आवडतो. मला पुढचं बोलायचं आहे. ही ताटं कुठल्या दारापर्यंत जातात? नात्यात जातात, धर्मग्रामात म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांत जातात, जुन्या शेजाऱ्याकडे जातात. रेल्वेलाइन ओलांडून पूर्वेला एकही ताट जात नाही. स्टेशनजवळच्या इमारतीच्या गेटवर रात्रपाळीला बसलेल्या वॉचमनकडे जात नाही. गावातल्याच चाळीत भाड्याने राहणाऱ्या, बागेत पाणी सोडायला येणाऱ्या माणसाकडेही जात नाही. त्या रात्री आम्ही मारियापेक्षा वेगळे वागत नाही. तिने निदान दार उघडलं होतं.

२०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, आणि त्यानंतरची वाढ मोजायला जनगणना झालेलीच नाही. इमारती मोजल्या तरी कल्पना येते. या इमारतींतली माणसं इथे आली कारण मुंबईने त्यांना घर दिलं नाही. गिरणगावातून सुटलेली आली, कोकणातून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आली. पहाटे नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभं राहून ती मुंबई चालवायला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. आमच्या तोंडी त्यांना एकच नाव आहे: बाहेरचे. सोपारं हे शूर्पारक बंदर होतं, दोन हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्रापलीकडची गलबतं इथे लागत होती, १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. बाहेरचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वीचा असला की तो आमचा वारसा होतो आणि आजचा असला की अडचण.

इथे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव घ्यावंच लागतं, कारण ते पुढे करूनच हा परकेपणा पोसला जातो. हरित वसईचं आंदोलन त्यांनी उभं केलं. १९९०मध्ये सिडकोच्या हाती इथलं नियोजन गेलं, बिल्डरांनी शेतं गिळायला सुरुवात केली, गावांच्या विहिरींतलं पाणी टँकर भरभरून निघालं. दिब्रिटो त्याविरुद्ध जिवाची भीती न बाळगता उभे राहिले. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारा आणि बायबल सोप्या मराठीत आणणारा हा धर्मगुरू २५ जुलै २०२४ला गेला. त्यांची लढाई जमिनी लुटणाऱ्यांशी होती. आम्ही ती सोयीने वळवली आणि त्या इमारतींत कर्ज काढून राहायला आलेल्यांशी जोडून दिली. बिल्डरशी भांडायला धैर्य लागतं, भाडेकरूकडे तुच्छतेने बघायला काहीच लागत नाही. ज्या जमिनींवर ते टॉवर उभे आहेत त्यातल्या कित्येक आम्हीच विकल्या. पैसे मोजून घेतल्यावर घेणाऱ्याच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला शत्रू म्हणणं हा खोटेपणा आहे, आणि तो दरवर्षी नाताळच्या नव्या कपड्यांत मिस्सेला जातो.

माझं बालपण निर्मळच्या बाजूला गेलं, आता मी वसई पश्चिमेला एका सोसायटीत राहते. आमच्याकडे एक मल्याळी नर्स भाड्याने राहत होती. रात्रपाळी करून सकाळी यायची. समितीने घरमालकाला कळवलं की एकटी मुलगी आहे, अवेळी येते, ‘फक्त फॅमिली’ असा आपला नियम आहे. डिसेंबरच्या मध्यात तिने सामान हलवलं. त्याच आठवड्यात समितीने खालच्या दालनात नाताळचं झाड उभं केलं, मुलांना टोप्या वाटल्या, फोटो काढले. ती मुलगी ख्रिस्ती होती. तिच्या एकटीच्या घरातही एक लहान गोठा मांडलेला मी पाहिला होता. त्या समितीत हिंदू होते, ख्रिस्ती होते, आणि या ठरावावर त्यांचं एकमत होतं.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. नोंदणीकृत करार आणि पोलिसांना दिलेली माहिती संस्थेला कळवली की पुरतं. अविवाहितांना घर नाही, अमुक खाणाऱ्याला नाही, तमुक आडनावाला नाही, हे सगळे नियम समित्यांनी आपल्या मनाने केलेले आहेत, आणि ते चालतात कारण घरमालकाला भांडण नको असतं. विरारपासून वसईपर्यंत स्टेशनाजवळच्या इमारतींत हेच चित्र आहे. एखादा तरुण अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलत राहतो. कुठल्याच शेजाऱ्याला त्याचं नाव कळण्याआधी त्याला निघावं लागतं. त्याच्या एकटेपणावर कुणी सिनेमा काढला तर आपण तिकीट काढून डोळे पुसू, आणि घरी येताना लिफ्टमध्ये तो भेटला तर मोबाइलमध्ये बघू.

आम्ही ज्याचा जन्म साजरा करतो त्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. सरकारी नावनोंदणीसाठी दूरच्या गावी निघालेलं जोडपं, दिवस भरलेली बाई, आणि उतारशाळेत जागा नाही. आजच्या भाषेत ती कागदपत्रांसाठी हेलपाटे घालणारी, भाड्याची खोली न मिळालेली स्थलांतरित माणसं होती. आमच्या आळीतल्या पोरांनी महिनाभर खपून उभा केलेला गोठा हा त्या नकाराचा देखावा आहे. त्यासमोर उभं राहून ज्याला आपल्या सोसायटीचा ‘फक्त फॅमिली’ हा नियम आठवत नाही, त्याने तो देखावा पाहिलेलाच नाही.

आता या परक्यांबद्दल आणखी एक. ‘एकाकी अनोळखी माणसं’ म्हणताना आपण समजतो की ती एकमेकांनाही अनोळखी असतात. २०२५च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळलं, १७ माणसं गेली. त्या रात्री तिथे एका लहान मुलीचा पहिला वाढदिवस होता. अनधिकृत इमारतीत, कुठल्याही क्षणी जागा सोडावी लागेल अशा अवस्थेत राहणारी माणसं शेजारच्या बाळासाठी केक कापायला एकत्र येत होती. ज्यांना आपण गर्दी म्हणतो त्यांच्यात शेजार होता. सण कसा करायचा हे आम्ही त्यांना शिकवावं असं काही नाही. तुटक आम्ही होतो. ती इमारत अनधिकृत आहे हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं, यंत्रणेला होतं, जमीन देणाऱ्यांना होतं. बाहेरचे मेले की बातमी चार दिवस टिकते, कारण आतले कुणी तिच्यासाठी मोर्चा काढत नाहीत.

उलट पश्चिमेकडच्या जुन्या घरांचं काय चाललं आहे ते बघा. मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात, जावई आखातात. सात खोल्यांच्या बंगल्यात दोन म्हातारी माणसं, दाराला जाळीचं दुसरं दार, वर कॅमेरा. रात्री नऊच्या आत मुलांचा व्हिडिओ कॉल येऊन जातो, मग जेवण झाकून ठेवलं जातं. मध्यरात्रीच्या मिस्सेला जायला रिक्षा मिळत नाही म्हणून कित्येक जण आता सकाळच्या मिस्सेवर भागवतात. अशाच एका काकींना मी विचारलं, समोरच्या चाळीत ते ओडिशाचं जोडपं राहतं, त्यांना बोलावता का कधी? काकी म्हणाल्या, “नको गं बाय, ओळख नाही त्यांची.” ते जोडपं तीन वर्षं त्यांच्या समोर राहत होतं. एकाकी माणसांची गोष्ट शोधायला राघवन यांना पॅरिसपर्यंत जायचं कारण नव्हतं. ती इथे एका रस्त्याच्या दोन बाजूंना बसून होती, आणि हा रस्ता ओलांडला जाणार नाही याची व्यवस्था आम्ही पक्की केली होती.

ही व्यवस्था मोडते हेही मी पाहिलं आहे. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या थांबल्या, वीज दिवसेंदिवस नव्हती. आमच्या आळीत तेव्हा अडकलेल्यांना लोकांनी घरात घेतलं. आधार कार्ड कुणी मागितलं नाही. चहा झाला, कोरडे कपडे निघाले, परक्या बायका परक्या बायकांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. पाणी ओसरलं आणि दारं पुन्हा लागली. मे २०२०मध्ये टाळेबंदीत गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी वसईच्या सनसिटी मैदानावर हजारो मजूर उन्हात बसून होते, तेव्हा डबे घेऊन जाणारे वसईकर होते. गाड्या सुटल्यावर ‘बरं झालं, गर्दी कमी झाली’ असं म्हणणारेही वसईकरच होते. मला दोन्ही माहीत आहेत आणि दोन्ही माझी माणसं आहेत, म्हणून मी हे लिहिते आहे. संकट आलं की माणुसकी दाखवायची आणि सणाला नातेवाईक मोजायचे, हे मला यापुढे मान्य नाही.

यावर पहिलं उत्तर येईल सुरक्षेचं. म्हाताऱ्या माणसांना लुटतात, खून होतात, तू उपदेश करू नकोस. भीती खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण विचार करा, ज्या म्हातारीला समोरच्या चाळीतली चार कुटुंबं नावाने ओळखतात ती जास्त सुरक्षित की जिचं दार तीन दिवस उघडलं नाही तरी कुणाला कळत नाही ती? दुसरं उत्तर येईल धर्माचं: परक्याला नाताळच्या जेवणाला बोलावलं तर उद्या धर्मांतराचा आरोप होईल. हा धाक हल्ली हवेत आहे हे मीही जाणते. त्याला भिऊन शेजाऱ्याला जेवू घालायचं थांबवलं तर आरोप करणाऱ्यांचं काम आपणच पुरं केलं. वारकऱ्यांच्या वाटेवरची गावं आषाढात हजारो अनोळखी माणसांना ओसरी देतात, पिठलं-भाकरी देतात, जात विचारत नाहीत. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. वसईतली माणसं वारकऱ्यांच्या वाटेवरच्या माणसांपेक्षा गरीब नाहीत आणि पोलंडच्या कॅथलिकांपेक्षा कमी भाविक नाहीत.

धर्मग्रामांच्या सभागृहांत २५ डिसेंबरला क्रिकेटच्या बक्षीस समारंभाला जागा मिळते, सुंदरी स्पर्धेला मिळते. २४च्या रात्री तीच सभागृहं कुलूपबंद असतात. ती उघडा. रिक्षावाले, वॉचमन, नर्स, चाळीतली कुटुंबं, बंगल्यांतले म्हातारे, ज्याला त्या रात्री जायला जागा नाही त्या प्रत्येकाला जेवायला बोलावा, मिस्सेला येण्याची अट न घालता. खर्चाचा प्रश्न कुणी काढू नये. देखाव्यांच्या रोषणाईवर एकेक आळी काय खर्च करते हे आपल्याला ठाऊक आहे. फोटो काढू नका, पाहुण्यांच्या हातात पिशव्या देऊन रांगेत उभं करू नका. शेजारी बसा आणि नाव विचारा.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. ‘फक्त फॅमिली’चा नियम रद्द करण्याचा ठराव मी आमच्या सभेसाठी लेखी दिला आहे. तो पडेल असं मला तोंडावर सांगण्यात आलं. पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा देईन, आणि विरोधात हात वर करणाऱ्या प्रत्येकाला त्या सभेतच विचारीन की त्या नर्सचं नाव काय होतं.